नदीच्या पलीकडं न्यूरा

केतू, तू आधी मोबाइल ठेव आणि नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, मधे बोललीस की माझं सुटतं. हसायचं असेल तर शेवटी हस. चहा गार झाला तर दुसरा सांगू.

तर काल दुपार. विडी कारखान्यामागचा युनियनचा हॉल, तिथं संध्याकाळी रशियन पिक्चर लागणार आणि माइकवर मी. माइकवर मी का, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुला पुढचं काही कळणार नाही.

माझा सत्तूमामा. पूर्वी युनियनवाले रशियाचे पिक्चर आणायचे. पडद्यावरची माणसं रशियनमध्ये बोलायची आणि सत्तूमामा पडद्याच्या बाजूला उभा राहून सगळ्यांचं मराठीत बोलायचा. बाईचं, बाप्याचं, घोड्याचं पण. मामाला रशियन येतं का, तर अजिबात नाही. कुणीतरी त्याला गोष्ट थोडक्यात सांगायचं, बाकी तो ओठ हलताना बघून ठोकून द्यायचा. विडीवाल्या बायका मांडीवर सूप घेऊन यायच्या आणि पिक्चर बघत बघत विड्या वळायच्या. अंधारातसुद्धा. हातांना सवय. मामा सांगतो, पिक्चर चांगला चाललाय का ते मी बायकांच्या हातावरून ओळखायचो. हात थांबले की समजायचं, जमलं.

सगळ्यात गाजलेला पिक्चर न्यूराचा. न्यूरा म्हणजे आपल्याएवढी पोरगी, शाळा सोडून जंगलात गेलेली, जर्मनांचे पूल उडवणारी. खरीच होती म्हणे अशी एक, तिच्यावरून काढलेला. शेवटी ती पकडली जाते आणि गावच्या चौकात तिला फाशी देतात. पण हे सोलापुरात कुणालाच माहीत नाही. कारण मामानं शेवटची रीळ कधी लावलीच नाही. तेव्हा गिरणी बंद पडलेली, घरोघरी चुली थंड, आणि समोर बसलेल्या बायका सकाळपासून उपाशी. मामा म्हणतो, त्यांना मी पोरगी फासावर जाताना दाखवू व्हय. म्हणून त्यानं ती रीळ पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि माइकवर सांगून टाकलं की न्यूरा खिडकीतून उडी मारून पळाली, नदी पार केली, सुटली. दिवे लावले. बायका डोळे पुसत, हसत घरी गेल्या. त्यानंतर जितक्या वेळा लावला, तितक्या वेळा न्यूरा पळाली.

आता मामाचं घशाचं ऑपरेशन झालंय, नुसती फुसफुस निघते. आणि आमच्या फिल्म क्लबच्या बिडवे सरांनी त्याच पिक्चरची नवी कॉपी मिळवली. पूर्ण. शेवटासकट. सर म्हणाले, पडद्यावर आहे तेच बोलायचं, मनाचं एक अक्षर नको. आणि शेवटी पडद्यावर बोलणंच नाहीये, केतू. सरांनी दिलेल्या सबटायटलच्या कागदावर तिथं कोरं. मी घरी लॅपटॉपवर तिथपर्यंत यायचे आणि बंद करायचे. बघवतच नव्हतं. मामाला विचारलं, काय करू, तर त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. तुझं तू बघ.

त्यात सकाळी आमच्या गल्लीतली नरसक्का भेटली. तिनं तो पिक्चर मामाच्या तोंडून किती वेळा ऐकलाय कुणास ठाऊक. माझा हात धरून म्हणते, "पोरगी पळती तिथं जरा जोरात बोल गं, माझे कान गेलेत."

आता सांग, काय सांगू मी तिला.

तर दुपारी खुर्च्या लावून झाल्यावर मी पडद्यामागं जाते. तिथं सतरंज्यांची थप्पी असते, त्यावर आडवी होते. पंखा कटकट करत फिरतोय. शेजारच्या शेडमधला माग चालू आहे, खटाक खटाक. डोळे मिटलेत पण पंखा दिसतोय. झोप पण नाही, जाग पण नाही, असं असतं ना. वरून कापसाचं बारीक काहीतरी पडायला लागतं. मागाच्या शेडमधून उडून आलं असेल म्हणून मी ओठावरचं पुसते, तर गार. बर्फ आहे.

मागाचा आवाज जवळ येतो. तो माग नाहीच, कुणाचे तरी बूट आहेत. हॉलचे खांब पांढरे झालेत, त्यांना वर फांद्या फुटल्यात, आणि त्यांच्यामधून ती येते, न्यूरा. कुणाचा तरी मोठा कोट घातलेला, डोक्याला रुमाल, आणि खांद्यावर आपली सोलापुरी चादर, मोराची. ती माझ्या पायाशी उभी राहते.

"सरक बे जरा," म्हणते. "पाय भिजलेत माझे."

केतू, सत्तूमामा. म्हणजे आवाज पोरीचाच, पण बोलणं अख्खं मामाचं. मी म्हणते, तू असं कसं बोलतेस. तर ती म्हणते, मराठीत मला तुझ्या मामाशिवाय दुसऱ्या कुणी बोलायला लावलंय का, जे मिळालं ते वापरते. मला माहितीये की ती मेलेली आहे. तिलाही माहितीये. पण त्याचं दोघींना काहीच वाटत नाही. मी सरकते, ती बसते, आणि आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर आहोत. समोर गाडी लागलीये, काचांवर बर्फ साचलाय, कंडक्टर बर्फातच तिकिटं फाडतोय आणि कुणाला त्याचं नवल नाही.

ती कोटाच्या खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून खातेय. दातात बी धरायची, कट्, आणि टरफल इतकं लांब उडवायचं की मी बघतच राहते. मी करून बघते तर माझ्याच हनुवटीवर पडतं. ती इतकी हसते की चादर खाली पडते. मग शिकवते. जीभ अशी, ओठ असे. माझं दुसरं टरफल पण हनुवटीवर. तुझ्यानं पूल उडायचा नाही, असं म्हणते.

मी तिला नरसक्काचं सांगते, सरांचं सांगते. ती ऐकते, चावत राहते. समोरची गाडी सुटते आणि तिच्यामागं स्टँड नाही, नदी आहे. काळी, रुंद, काठाला बर्फ. आम्ही काठावर उभ्या आहोत.

"सगळ्या जगात मी चौकात मरते," ती म्हणते. "फक्त तुमच्या हॉलमध्ये सुटते."

मग मी मामाचंच बोलते, असं मी पटकन म्हणते. ठरलं. मला इतकं हलकं वाटतं. तर ती माझ्याकडं बघायला लागते, एखादं पोरगं बापाची खोटी सही करून आलंय तसं.

"शेवटचं बघितलंस का?"

नाही, मी म्हणते.

"न बघताच ठरवायलीस व्हय? लई भारी सीन आहे बे तो माझा. तुमच्या गावात एकानं पण बघितलेला नाही."

मी विचारते, तिथं, चौकात, घाबरली होतीस का.

"लई," ती म्हणते. "म्हणून तर बिया खात होते. तोंड हलत राहिलं की दात वाजत नाहीत."

आता नदी नाही, आमच्या गल्लीतला नळ आहे आणि ती नळाखाली पाय धरून उभी आहे, बुटांसकट. मी म्हणते बूट काढ की. ती म्हणते, कसे काढू. तुझा मामा मला नदी पार करवतो आणि लगेच दिवे लावतो. पलीकडं काय, ते त्यानं कधी सांगितलंच नाही. मी तिथंच उभी राहते, दर वेळी, ओल्या बुटांत.

हे ती तक्रार म्हणून नाही सांगत, केतू. आपण कसं सांगतो, आमच्याकडं पाणी दिवसाआड येतं, तसं.

मग माझा हात ओढते आणि मुठीत बिया ओतते. माइक धरला की तुझे पण दात वाजणारेत, म्हणते. आणि कुणीतरी मागून ओरडतंय, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, आणि ती त्या आवाजाकडं बघून म्हणते, हा कोण बे, आणि पंखा कटकट करतोय, आणि मी सतरंजीवर आहे.

माइकवर बिडवे सर होते.

माझी मूठ गच्च मिटलेली. उघडायची भीती वाटत होती. उघडली, तर बिया नव्हत्या. पण हनुवटीला काहीतरी चिकटलेलं टोचत होतं. काढून बघितलं. टरफल. काळं, पांढऱ्या रेघांचं, अजून ओलं. आमच्या घरी सूर्यफूल फक्त तेलाच्या पिशवीत येतं, तुला माहितीये. आणि हॉल मी स्वतः झाडलेला.

ते खिशात टाकलं आणि माइकपाशी गेले.

संध्याकाळी हॉल भरला. नरसक्का पहिल्या रांगेत, सूप मांडीवर. मामा तिच्या शेजारी. मी पूर्ण पिक्चर मामाच्या ठसक्यात बोलले, आणि केतू, मजा आली. जर्मन साहेबाला मी "का बे, कुठं निघालास" म्हटलं तेव्हा मागून शिट्टी पडली. मग ती खिडकी आली. बायका पुढं सरकल्या. नरसक्कानं कानामागं हात धरला.

न्यूरानं उडी नाही मारली.

मी माइक खाली घेतला. चौक आला, बर्फ आला, दोर आला. हॉलमधले सगळे हात थांबले. सुपातलं पानसुद्धा वाजेना. नरसक्कानं वळून मामाकडं बघितलं. मामानं मान खाली घातली. आणि पडद्यावर न्यूरानं कोटाच्या खिशात हात घातला, एक बी काढली, दातात धरली, कट्, आणि टरफल उडवलं ते बरोबर साहेबाच्या चकचकीत बुटावर.

मी ते आधी बघितलेलं नव्हतं, केतू. आईशप्पथ.

आधी नरसक्का हसली. मग सगळा हॉल. असं हसणं मी ऐकलं नाही कधी, हसताहेत आणि रडताहेत. त्या हसण्यातच न्यूरा गेली. पडदा काळा झाला, रशियन नावं वर सरकायला लागली.

कुणी उठेना. सर दिव्याच्या बटणाकडं निघाले. आणि मी खिशात हात घातला, ते टरफल दातात धरलं आणि माइक वर घेतला.

म्हटलं, नदीच्या पलीकडं एक घर होतं. न्यूरानं दार वाजवलं. पहिलं काम काय केलं, तर बूट काढले.

सर जागच्या जागी थांबले. अंधारातून नरसक्का म्हणाली, "आधी पाय शेकू दे तिला." मी म्हटलं, शेकले. दुसरी कुणीतरी म्हणाली, खायला काय दिलं. मी म्हटलं, भाकरी, शेंगाची चटणी. वर तेल घातलं का, आणखी एकीनं विचारलं. घातलं. मग कुठं झोपली, कुणाच्या शेजारी, चादर होती का. मी एक सांगायचे, त्या चार सांगायच्या. पडदा काळाच होता आणि हळूहळू सुपांचा आवाज परत सुरू झाला.

मामा नंतर जवळ आला. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाला, "तिथून पुढं मला सुचलंच नव्हतं कधी."

सर काल माझ्याशी बोलले नाहीत. आज म्हणाले, पिक्चर संपल्यावर तू जे बोललीस ते पिक्चरमध्ये कुठं होतं. मी म्हटलं, नव्हतं. मग का बोललीस, म्हणाले. त्यांना काय सांगू, ओल्या बुटांचं?

हे बघ टरफल. नीट धर, फुंकर मारू नकोस, उडतं.

आता सांग, तू काय केलं असतंस?