उजव्या चपलेचं टोक

सहा आठवड्यांत माझे वडील घरातल्यांची नावं विसरले. तीन डॉक्टरांनी वयावर बोट ठेवलं. मी त्यांच्या विसरण्याची तारीखवार वही ठेवत होतो.

त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून जोडी घेऊन स्वारगेटच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते आधी तळ पाहतात, माणसाकडे नंतर. तळ पाहून ओरडलेच, "अहो, हे तळ मीच दोन महिन्यांपूर्वी घातले! उजवीचंच टोक कसं झिजलं? पाय ओढतात का ते?"

"त्यांच्या डोक्याचं दुखणं आहे हो."

"डोक्यातलं मला कळत नाही, पाय कळतात. डॉक्टरला दाखवा ही चप्पल."

माझ्या वहीत पायांबद्दल एक ओळ नव्हती! चपला घेऊन मी धावतच दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वही बाजूला सारली, चपला निरखल्या आणि त्याच दिवशी स्कॅन करवला. मेंदूवर डावीकडे रक्त साचलं होतं, म्हणून उजवा पाय ओढत होता आणि नावंही त्यामुळेच विसरत होती. ते काढता आलं!

परवा वडील स्वतः चालत त्या गृहस्थांकडे गेले, मी मागोमाग. गृहस्थांनी दोन्ही चपला उलट्या करून पाहिल्या.

"सारख्या झिजतायत. काम काही नाही, जा घरी."