ठकुआत्याची कोरी लडी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझी ठकुआत्या चांगली शहाणी होती, तरी चढली आणि जिंकून उतरली. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी रंगारी. चामराजपेटेत आमचं घर, मागच्या अंगणात विहीर आणि तिच्या बाजूला चुलाण्यावर रंगाचा मोठा तांब्याचा हंडा. माझे वडील कचेरीत नोकरीला लागले, तेव्हा हंडा सांभाळला त्यांच्या बहिणीने. ठकुबाई विशीत विधवा होऊन माहेरी आली आणि लग्नाच्या लाल सुताची गिऱ्हाइकं तिने एकटीने टिकवली. बाजारात पुडीचे रंग आले, तरी ती मंजिष्ठाची लाल मुळंच उकळायची. पुडीच्या रंगाला ती 'आयता' म्हणायची आणि म्हणताना नाक मुरडायची.

१९५८ साली एका शुक्रवारी आमचा नैवेद्याचा भात गुलाबी झाला. मागच्या गल्लीत त्रिविक्रमरावांनी सूत रंगवायचा कारखाना काढला होता आणि त्याचं पाणी उघड्या चरातून आमच्या भिंतीला लागून वाहत होतं. आमच्या विहिरीचं पाणी आठ घरं पीत. आत्या लगेच त्यांच्याकडे गेली. ते आमच्याच जातीतले, लांबचे सोयरे.

"अक्का, रंगाऱ्याच्या विहिरीत रंग नाही तर काय ताक येणार?" ते हसून म्हणाले. "तुमचाच हंडा झिरपतोय."

चोर तो चोर, वर शिरजोर! आत्याने भीमाचार्य वकिलांना गाठलं आणि दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी कोर्टाने जागा पाहायला एका तरुण वकिलाला कमिशनर म्हणून धाडलं. त्रिविक्रमराव आणि भीमाचार्यांच्या देखत तो विहिरीत डोकावला आणि सरळ म्हणाला, "अम्मा, लाल तर दोन्हीकडे आहे. कुणाचं कुठलं, कसं ओळखायचं?"

"स्वल्प बसा अण्णा," आत्या म्हणाली.

तिने पांढऱ्या सुताच्या दोन कोऱ्या लड्या आणल्या. आमच्या धंद्यात सुताला आधी हिरडा आणि तुरटी लावावी लागते, नाहीतर मंजिष्ठा त्याला धरत नाही. या लड्यांना तिने काहीच लावलं नाही. एक हंड्यात उकळली. दुसरी विहिरीच्या पाण्यात, पुडीचा रंग धरायला लागतं ते मूठभर मीठ टाकून उकळली. मग दोन्ही नळाच्या पाण्यात खळाखळा धुतल्या. हंड्यातली धुता धुता फिकी पडली. विहिरीतली काही केल्या गुलाबीच राहिली.

"माझा रंग असा फुकट चिकटत नाही," आत्या म्हणाली. "हा आयता. त्यांच्या कारखान्यातला."

कमिशनर भराभर लिहू लागला. त्रिविक्रमरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लिहिता लिहिता कमिशनरने सहज विचारलं, "आणि तुमच्या हंड्यातलं पाणी कुठे ओतता?"

भीमाचार्य जोरात खोकले. आत्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या खड्ड्यात. विहिरीपासून दहा पावलांवर. वडील ओतत होते, मीही ओतते."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मीही मनात चरफडले. हातात आलेला डाव कुणी असा सोडतं का?

निकाल लागला तो तसाच. चर कारखान्याने बंद करावा. पण वादीने आधी आपला खड्डा बुजवावा, मगच हुकूम लागू होईल. त्रिविक्रमराव मिशीतल्या मिशीत हसत बाहेर पडले. अंगणात दुसरीकडे खड्ड्याला जागा नव्हती. खड्डा नाही तर हंडा नाही आणि हंडा नाही तर आत्याचा धंदा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती कशाला बुजवते?

घरी वडील म्हणाले, "कशाला खरं बोललीस?"

"विचारलं म्हणून," आत्या म्हणाली. "त्याच्या घाणीला घाण म्हणायचं आणि माझ्या घाणीला तीर्थ?"

महिन्याने कोर्टाचा अमीन चर बंद करायला कारखान्यावर गेला. त्रिविक्रमरावांनी त्याला दारातच अडवलं. "आधी त्या बाईंचा खड्डा बघा, मग माझ्याकडे या." ते स्वतः त्याला घेऊन आमच्या अंगणात आले.

खड्डा मातीने गच्च भरलेला होता. वर आजोबांचा हंडा पालथा घातलेला आणि त्यावर बसून आत्या शेंगा सोलत होती.

"या त्रिविक्रमअण्णा," ती न उठताच म्हणाली. "माझं झालं. आता तुमचं."

अमीनने हंड्याभोवती फिरून कागदावर टिपलं, "सरी, अम्मा, ठीक आहे," म्हणाला आणि त्रिविक्रमरावांना घेऊन मागे वळला. संध्याकाळच्या आत चर बुजला होता. त्यानंतर दोनदा रात्रीतून तो उकरला गेला. दोन्ही वेळा आत्या सकाळी कोर्टात हजर! दुसऱ्यांदा जप्तीचा कागद निघाला, तेव्हा उकरणं थांबलं.

ती मात्र दर अमावास्येला एक कोरी लडी विहिरीच्या पाण्यात उकळत राहिली. गुलाबी, गुलाबी, मग फिकी. १९६१च्या दिवाळीला लडी जशी आत गेली तशीच पांढरी बाहेर आली. आत्या ती हातात धरून लहान मुलीसारखी रडली, आणि रडता रडता हसलीसुद्धा.

तिने जन्मभर रंगवलेलं लाल सूत गावभरच्या लग्नांत गेलं, घरात त्यातला धागा नाही. ही न रंगलेली लडी मात्र माझ्या ट्रंकेत आहे.