पलंगाजवळची ओली फरशी

जखमी जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेतून पोराने कुत्री आणली. मागचा पाय मोडून वाकडा जुळलेला. आणून ठेवली आणि तो हिंगण्याला ड्युटीवर गेला. तिला वळण लावायचं माझ्यावर आलं. सून सकाळच्या शाळेत शिकवते. नवरा लकव्यानंतर पलंगावरच.

मला एकच रीत माहीत होती. घरात मुतली की नाक त्यात घासायचं, पाठीत खराटा घालायचा आणि अंगणात हाकलायचं. आठ दिवसांत ती आपणहून दाराशी जाऊ लागली. तरी दुपारी नवऱ्याच्या पलंगाजवळ फरशी ओली सापडायची. आधी वाटलं कूलर गळतो. वास घेतला. मग तिला आणखी मारलं.

"काहून मारून राहिली वं तिले?" नवरा म्हणायचे. "मुकं जनावर हाय."

"तुम्ही पुसता का फरशी?"

ते भिंतीकडे तोंड करायचे.

सून एकदा वैतागून पोराला म्हणाली, "घरभर वास मारून राहिला. आता एक डाव झालं तं तिले वापस देऊन या."

दुसऱ्या दिवशी मी कुत्रीला अंगणात निंबाखाली बांधलं आणि जरा आडवी झाले. उठले तर फरशी ओली. गादीखाली नवऱ्याची लुंगी कोंबलेली, तीही ओली. लघवीचं भांडं लागलं की मला हाक मारायची, असं ठरलं होतं. मी दरवेळी कुरकुरत उठायची.

"सांगू नको कोणाले," ते म्हणाले.

मी पुसत होते तेवढ्यात सून आली. फरशी बघून तिने पोराला लावायला फोन काढला.

"कुत्रीनं नाही केलं," मी म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं केलं. रोज तेच करून राहिले."

सुनेने फोन पर्समध्ये टाकला आणि ती आत गेली.

"चूप राहता नाही आलं तुले?" नवरा म्हणाले.

"कुत्री गेली असती."

"जाऊ द्याची होती."

त्या दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं. नागपूरचा एप्रिल महिना. ग्लास ओठाला लावायचे आणि तसाच ठेवायचे. चौथ्या दिवशी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

आता मी समोर बसून पाणी पाजते आणि न मागता भांडं लावते. ते माझ्याशी बोलत नाहीत. कुत्री घरात कधी घाण करत नाही. फक्त मी अंगण झाडायला खराटा उचलला, की उभ्या जागी मुतते.