पक्क्या रंगाची बतुकम्मा

मी भिवंडीच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि घरी तेलुगूत शिव्या खातो.

यात चमत्कारिक काही नाही. माझे आजोबा करीमनगरकडून इथे आले ते हातात एक पिशवी आणि अंगात विणकाम घेऊन. वडिलांनी जन्मभर लूम चालवले. मला मराठी शाळेत घातलं, कारण ती घरापासून सगळ्यात जवळ होती आणि मधल्या सुट्टीत मला जेवायला घरी आणणं अम्माला सोपं जायचं. (मराठी साहित्याची माझी जी काही थोडीफार सेवा झाली, ती या सांबार-भातामुळे!) आता अवस्था अशी आहे, की करीमनगरचे नातेवाईक फोनवर माझं तेलुगू ऐकून हसत सुटतात, 'अरे, हा तर मराठीच बोलतोय!' आणि इथे कुठल्याही ऑफिसात 'दासरी' हे आडनाव ऐकलं, की समोरचा लगेच हिंदी सुरू करतो. मी मराठीत उत्तर देतो. तो हिंदी सोडत नाही. मीही मराठी सोडत नाही. माझ्या बाजूने मी आजवर एकदाही हरलेलो नाही.

तर गेल्या वर्षी आम्ही पद्मानगर सोडलं. पद्मानगर म्हणजे भिवंडीतली आमची तेलुगू वस्ती. तिथे रिक्षावाल्यापासून दळणवाल्यापर्यंत सगळे तेलुगू. अम्माचे गुडघे आता जिने चढायला तयार नव्हते, म्हणून वळ गावच्या बाजूला, गोदामांच्या पलीकडे, लिफ्ट असलेल्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. अम्मा लिफ्टवर खूश होती. बाकी कशावरच नव्हती.

नवरात्राच्या चार दिवस आधी सोसायटीचे सेक्रेटरी भोईर दादा आमच्याकडे आले. माणूस उमदा. ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे, ती एके काळी त्यांचीच. पांढराशुभ्र लिननचा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. त्यांच्या हातात कागद होता.

"सर, नोटीस लावाची हाय. तुमी मराठीचे सर, जरा बघून द्या. मागच्या टायमाला माझे शुद्धलेखनावं पोरं हसली."

शुद्धलेखन म्हटलं की माझी शुद्ध हरपते. मी लाल पेन काढलं. तीन वेलांट्या बदलल्या, एक स्वल्पविराम टाकला, शेवटचं वाक्य तर इतकं डौलदार करून दिलं, की मीच ते दोनदा मोठ्याने वाचलं. भोईर दादा चहा पिऊन, आभार मानून गेले.

संध्याकाळी अम्मा देवळातून आली ती लिफ्टमधूनच ओरडत.

"कोणी लिहिलंय ते? लिफ्टमध्ये लावलंय ते?"

"कोणतं?"

"'सोसायटीच्या आवारात केवळ आपलेच सण साजरे करण्यात यावेत. इतर सण ज्यांनी त्यांनी आपापल्या वस्तीत करावेत.' आपापल्या वस्तीत म्हणजे? मी राहते कुठे? झाडावर?"

माझी बायको लावण्या माझ्याकडे बघत होती. 'आपापल्या' हा शब्द मी घातलेला होता. मूळ नोटिशीत 'तिकडं' असं होतं. शपथेवर सांगतो, मी व्याकरण वाचलं होतं. नोटीस वाचलीच नव्हती! आपल्याच आईला हद्दपार करणारा मजकूर मी निर्दोष मराठीत लिहून दिला होता.

अम्माला कळलं तेव्हा ती मला अर्धा तास बोलली. त्याचं भाषांतर मी करणार नाही. मला दोन्ही भाषांची लाज आहे.

आता अम्माचा जो सण या नोटिशीत अडकला होता, ती बतुकम्मा काय ते सांगतो. नवरात्रातला हा आमचा फुलांचा सण. परातीत फुलांचे थरावर थर रचत एक कळस करायचा, वर हळदीची गौरम्मा बसवायची आणि बायकांनी भोवती गाणी म्हणत, टाळ्या वाजवत फेर धरायचा. मूर्ती नाही, मंडप नाही, डीजे नाही. फुलं हीच देवी. शेवटच्या दिवशी सगळ्यात मोठी बतुकम्मा रचतात आणि फेर झाला की पाण्यात सोडतात. अम्माचं हे एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. माझा जन्म झाला त्या वर्षीही ती दवाखान्यातून येऊन खेळली होती, असं ती दर वर्षी सांगते, आणि चूक माझी असल्यासारखं सांगते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः भोईर दादांना जाऊन भेटली. मी मागे उभा.

"अम्मा, समजून घ्या," दादा म्हणाले. "एकाला परमिशन दिली तं सगले येतील. तुमचे पद्मानगरान मोठ्ठा कार्यक्रम होते. रिक्षा करून देतो, जा की मस्त!"

"दादा, भिवंडीचं कापड आपलं," अम्मा म्हणाली, "मग ते विणणारे आपले का नाय? मी इथे राहते, मेन्टेनन्स इथे देते, पाणी इथलं पिते. देवीला रिक्षात बसवून दुसऱ्याच्या दारात कशाला पाठवू? शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, खाली कंपाउंडमध्ये. तुम्ही पण या."

"नवरात्र सरलं की रविवारी मीटिंग हाय. तिथं तुमच्याविरुद्ध ठराव होईल, मंग मला बोलू नका."

"व्हायचा तो होऊ दे."

मला त्या क्षणी तिचा भयंकर अभिमान वाटला. आणि धास्तीही वाटली, कारण ठराव झाला असता तर अम्माने परत पद्मानगरात भाड्याची खोली घेऊन राहायची घोषणा आधीच केलेली होती. ती बोलते ते करते. तीन जिने चढून, त्या गुडघ्यांनी!

पापाचं प्रायश्चित्त म्हणून फुलांची जबाबदारी माझ्यावर आली. बतुकम्मेला 'गुनुगु' लागतो, म्हणजे पांढऱ्या तुऱ्याचं रानफूल. मी गोदामांच्या मागच्या माळावर दोन पोती फुलं तोडली. तिथे गवत कापणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "भाजीला नेताव का? आता निबर झाली ती."

"देवीला," मी म्हणालो.

त्यांनी आधी पोत्यांकडे आणि मग माझ्याकडे दयेने पाहिलं.

पांढरे तुरे रंगात बुडवून काढायची आमच्यात रीत आहे. बाजारात त्यासाठी साध्या रंगाच्या पुड्या मिळतात. पण मी विणकरांच्या घरातला! आमच्या घरात 'कच्चा रंग' ही शिवी आहे. एखादा माणूस शब्दाला जागला नाही, तर वडील 'कच्च्या रंगाचा' म्हणून त्याला कायमचा निकालात काढायचे. अम्माच्या या बतुकम्मेला, जिच्यावर सगळ्या बिल्डिंगचे डोळे असणार होते, मी कच्चा रंग लावू? माझा चुलतभाऊ श्रीनू डाईंगमध्ये कामाला आहे. त्याच्याकडून कापडाचा राणी कलर आणला.

"अन्ना, चिमूटभर घे फक्त," श्रीनू म्हणाला. "कडक आहे. आणि हातमोजे घाल."

मी अर्धी पिशवी टाकली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कापडाला रंग पक्का बसावा म्हणून मीठ आणि सोडा घालतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तेही घातलं. भरपूर! हातमोजे घातले नाहीत, कारण देवीचं काम हातमोजे घालून करणं मला पटेना.

तुरे बाहेर आले ते असे रसरशीत, की लावण्यासुद्धा म्हणाली, "वा!" (लग्नाला सतरा वर्षं झाली. 'वा' दुसऱ्यांदा.) माझे हात कोपरापर्यंत राणी कलरचे झाले होते. धुतल्यावर जाईल, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारपासून अम्मा आणि लावण्या खाली कंपाउंडमध्ये परात घेऊन बसल्या. दोघीच. बाकीच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. त्या दोघींना तसं बसलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. पद्मानगरात या वेळी बसायला जागा मिळत नाही. अम्मा मात्र मान ताठ ठेवून थर रचत होती.

तेवढ्यात भोईर वहिनी, म्हणजे सेक्रेटरींच्या सौभाग्यवती, दूध आणायला म्हणून खाली उतरल्या आणि परातीपाशी थबकल्या.

"अगो, ही तं कुरडू! आमचे शेतावं बक्कल व्हायची. आमी भाजी करतो हिची. तुमी पूजा करताव?"

"तुम्ही पानं खाता, आम्ही फुलं पुजतो," अम्मा म्हणाली. "बसा."

वहिनी बसल्या. सासूच्या हातच्या कुरडूच्या भाजीची गोष्ट सांगत त्यांनी एक थर लावला. त्यांना बघून दुसऱ्या मजल्यावरच्या जळगावच्या ताई आल्या. मग आझमगडच्या भाभी आल्या. दूध विसरलं. एकेक करत बावीस-तेवीस बायका, त्यांच्या मुली, दोन आजोबा, सगळे ओल्या तुऱ्यांत हात घालून बसले. सहा वाजता फेर सुरू झाला. आमच्या गाण्यांत प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द येतो, त्यामुळे तेलुगू येत नसलं तरी दुसऱ्या मिनिटाला कुणालाही गाता येतं. आझमगडच्या भाभींचा आवाज तर सगळ्यांच्या वर लागला!

आणि भोईर दादा आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट.

"अम्मा, बंद करा! मी सांगतलेला ना, रविवारी मीटिंग..."

बतुकम्मा कलली.

दोष माझाच. तुरे नीट वाळवायचे असतात. मी ओलेच दिले होते. वजनाने मधला थर खचला आणि कमरेएवढा तो कळस गौरम्मेसकट दादांच्या दिशेने झुकला. किंचाळ्या! मी पळालो, पण मी लांब होतो. दादा जवळ होते. त्या माणसाने एका क्षणाचाही विचार केला नाही. दोन्ही हात पसरून, छाती लावून त्यांनी बतुकम्मा मिठीत धरली.

"धरा! अगो धरा कोनी! देवी पडंल!"

"हलू नका दादा," अम्मा म्हणाली. "तसंच चला पाण्यापर्यंत."

पाण्यापर्यंत म्हणजे कंपाउंडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या टबापर्यंत. नोटीस लावणारे सेक्रेटरी बतुकम्मा छातीशी धरून पुढे, आणि मागे टाळ्या वाजवत सगळी बिल्डिंग! त्यांनी ती इतक्या जपून पाण्यात सोडली, की अम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. ते पुसायला मी हात डोळ्यांना लावला आणि सोडा झोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमधून आरडाओरडा ऐकू आला. साबण, लिंबू, बेसन, रॉकेल, काहीही चालेना. तेवीस बायका, अकरा मुली आणि दोन आजोबा यांचे तळहात राणी कलरचे! श्रीनूला फोन केला. तो म्हणाला, "अन्ना, मीठ-सोडा टाकलास? मग हातावरची कातडी बदलेल तेव्हाच जाईल." आणि फोनवर हसायला लागला तो थांबेचना.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. भोईर दादा दोन्ही हात खिशात घालून उभे होते. घसा खाकरून ते म्हणाले, "नोटीस असून कार्यक्रम झाला. रंगाची तक्रार पन हाय. त्या दिशी त्यान कोन कोन होतं, हात वर करा."

अम्माने पहिला हात वर केला. मला वाटलं, आता संपलं, पद्मानगरात खोली बघायला लागणार. मग भोईर वहिनींनी हात वर केला. मग जळगावच्या ताईंनी. मग भाभींनी, मुलींनी, आजोबांनी. पार्किंगभर राणी कलरचे तळवे!

"आता तुमचा करा की!" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "सकालपासून भांड्यांचा साबन लावताय, दिसते मला!"

दादांनी खिशातून सावकाश हात काढला. तो तसाच वर गेला.

"एवढी माणसं आपली न्हाय, असं कसं लिवनार आता," ते पुटपुटले. "सर, ती नोटीस फाडा. बतुकम्मा दर सालाला इथंच. परात मी पकडीन."

टाळ्या झाल्या. अम्मा उभी राहिली. मला वाटलं, आभार मानेल.

"अजून एक ठराव," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून माझ्या मुलाने फुलांना, रंगाला आणि नोटिशीला हात लावायचा नाही."

"अनुमोदन," लावण्या म्हणाली. एवढ्या चपळाईने तिने लग्नातही होकार दिला नव्हता.

"कोनाकोनाला मंजूर?" दादांनी विचारलं.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे हात वर होते. वळला येऊन वर्ष झालं होतं, आणि एवढे शेजारी एका बाजूने आमच्या घरच्या माणसाच्या मागे उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. असं एकमत मोडायला मन होईना, म्हणून मीही हात वर केला. कोपरापर्यंत रंगलेला तेवढा एकच होता.