गिटारवरची हळद

तेलात कालवलेल्या हळदीचा वास आला की मला साक्रीजवळच्या एका गावातला लग्नाचा मांडव आठवतो. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात त्या दिवशी माझी परीक्षा होती; पहिले गाणे नीट वाजले, तरच मला कायमची जागा मिळणार होती. तारांखाली फिकट लाकडाची पट्टी असलेली माझी नवी गिटार खुर्चीला टेकवून मी अँप्लिफायरची वायर जोडत होतो, तेवढ्यात नवरीच्या आत्याने ताटातली हळद घेऊन थेट तारांवर बोटे फिरवली. "नवं वाजं शे ना भाऊ, त्याले हयद नको का?" तारा तेलकट झाल्या आणि बोटे घसरू लागली. ऑर्केस्ट्राचे प्रमुख म्हणाले, "नवरीआधी हिचंच लग्न लागलं." माझा उतरलेला चेहरा पाहून आत्या तिथेच खाली बसल्या आणि कोऱ्या साडीच्या पदराने त्यांनी एकेक तार निगुतीने पुसली. पदर पिवळा झाला, गाणे मात्र स्वच्छ वाजले. "पुढच्या लग्नाला ये," प्रमुख म्हणाले, "तिला आंघोळ घालून आण." त्यानंतर तारा कितीदा तरी बदलल्या, पट्टीवरचा डाग राहिला. नव्या तारा चढवण्यापूर्वी मी आजही त्या डागावर हळदीचे बोट टेकवतो. फक्त हळद वाळेपर्यंत थांबतो.