मोकळ्या पाठीची घोडी

लग्न होऊन जळकोटला आले तेव्हापासून सासऱ्यांचं धोतर मीच धुते. ते रोज तांबड्या घोडीवर बसून शेतात जायचे, त्यामुळं धोतराच्या मांडीला घामाचा पिवळट डाग आणि घोडीचे केस ठरलेले. गेल्या दिवाळीनंतर तो डाग जवळजवळ दिसेनासाच झाला. काठाला मात्र काळी माती आणि कुसळं.

त्याच सुमारास नवरा त्यांच्या मागं लागला होता. घोडी म्हातारी झाली होती. डोळ्यांच्या वरच्या बाजूला खळगे पडले होते, उठताना पुढचा पाय आखडायचा.

"आप्पा, आता बसणं बंद करा. ती ठेचाळली तर तुमचं हाड मोडंल."

"तिला काय बी झालं न्हाय," म्हणत सासरे आमच्या देखत खोगीर आवळायचे आणि ओट्यावरून वर बसून वेशीकडं निघायचे.

मग ते धोतर असं का? मनात नाही नाही ते यायला लागलं. लग्नसराई होती. तुळजापूरकडचा एक वरातवाला घोडी विकत घ्यायला म्हणून बघून गेला होता. सासऱ्यांनी त्याला हाकललं, पण ते आमच्यासमोर. शेतात गेल्यावर घोडी कुणाला भाड्यानं देत असतील का? की कुठं पडलेत आणि लपवतायत? ते कंबर धरून चालतात का, हे मी चोरून बघायचे. त्यांनाही ते कळलं असावं. मी दारात आले की ते पाठ फिरवून घोडीचं अंग घासायला लागायचे.

एका रविवारी भाकरीचं निमित्त करून मी लवकरच त्यांच्या मागं निघाले. शेवटचं घर मागं पडलं, ओढ्याचं वळण आलं, तसे सासरे उतरले. घोडीच्या पोटाखालचा तंग सोडला, खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि "बा, बा" असं कानडीत बोलवत पुढं चालू लागले. घोडी मोकळ्या पाठीनं त्यांच्या मागं.

"मामा," मी हाक मारली.

त्यांनी आधी माझ्या मागं नवरा आहे का ते पाहिलं. "त्यानं पाठवलं व्हय तुला?"

"नाही, माझी मीच आले. कधीपासनं असं चालताय?"

"दिवाळीपासनं. हितंच उताराला तिचा गुडघा थरथरला. माझ्या मांडीखाली कळलं मला. आता गावातनं तेवढा बसतो, तुमी बघता म्हनून. ते बी तिला लई जड जातं."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"बसायची ऱ्हायली म्हनलं की तुमी म्हननार, मग दावणीला कशाला ठिवायची? तो वरातवाला आपल्या पायानं आला हुता का? कुनी बोलवला त्याला?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण घरी येईपर्यंत माझा संशय सासऱ्यांवरून उठून नवऱ्यावर जाऊन बसला.

संध्याकाळी सासऱ्यांसमोरच मी त्याला विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"मीच बोलवलं होतं," तो म्हणाला. "नुसतं विचारायला. घोडी गेली तरच आप्पा बसायचं सोडतील, असं वाटलं."

सासरे चिडले नाहीत. त्याला गोठ्यात घेऊन गेले. "तिच्या पाठीवर हात ठिव आन् बोल, हितनं न्हेणार न्हाय म्हनून."

नवऱ्यानं हात ठेवला. "नाही नेणार, आप्पा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सासरे गावातूनही उघड चालत जायला लागले, खोगिराशिवाय. पारावरच्यांनी विचारलं तर सांगायचे, "लई बसलो तिच्यावर, आता बास."

तरी नवऱ्यावर त्यांचा विश्वास पुरता बसला नाही. परवा तुळजापूरला भावकीतलं लग्न होतं. घोडीला सोडून ते आले नाहीत. "तुमी दोघं जावा," म्हणाले, आणि एसटी निघेपर्यंत फाट्यावर उभं राहून नवरा आत बसलाय ना, हे वाकून बघत राहिले.