झिऱ्याच्या वर चार पावलं

हे दादाले माहीत नाई. आईले नाई. जिले मी दाढ दुखली तरी फोटो काढून पाठवते त्या मैत्रिणीलेही नाई. तुमालेच पहिल्यांदा सांगून राह्यली, अन् टाईप करता करता बोटं दोनदा थांबले. माहे बोटं कधी थांबत नाई. घरी सगळे त्याच्यावरूनच चिडवतात मले.

मी काही पोटात ठेवणाऱ्यातली नाईच. आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीत मले भोंगा म्हणतात. कोनाचं लग्न ठरलं, कोनाचा पेपर बुडाला, सगळं पहिले माह्याच तोंडून फुटते. अन् ही एक गोष्ट — वर्ष झालं — आत बसून हाय. हलतच नाई.

दादानं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर बनवलं, तिथून सुरू होते हे. दोन पलंग, छोटा ओटा, नळ, अन् कपाटाएवढा संडास. पैसे भरून फिराले पाहुणे यायचे, गाडीतच राहायचे, दादा त्यायले जिल्हा फिरवून आणायचा. गाडी तयार झाली त्या दिवशी अर्धी गल्ली पाह्यले आली. सगळे गादी दाबून पाहू राह्यले, अन् समोरच्या घरची म्हातारी म्हणे, "बाप्पा, सगळं झ्याक हाय, पण ह्या संडासचं पाणी जाते कुठं?" सगळे हसले. मी तर किती हसली. दादा नाई हसला. तो म्हणे, "काकू, आपल्याच घरच्या सेप्टिक टाकीत. रस्त्यावर एक थेंब नाई."

अन् ते काम त्यानं मले देल्लं. ओट्याचं साबणाचं पाणी एका टाकीत. संडासचं दुसऱ्या टाकीत — ती टाकी म्हणजे चाकं लागलेल्या बॅगेसारखी असते, बाहेरून दार उघडलं की ओढून काढता येते. आत निळं औषध टाकायचं, वास येत नाई. भरली की लाल दिवा लागते. मग एक तर घरी आणून सेप्टिकमध्ये, नाई तर देवळीले दादाच्या ओळखीचा एक ढाबेवाला होता, त्याच्या संडासात. तिसरी जागा नाई. दादानं मले हातावर हात ठेवून सांगतलं होतं, तिसरी जागा नाई.

मी व्हिडिओ काढते हे तर तुमाले माहीतच असन. त्याच्यावरही मले व्हिडिओ काढायचा होता. 'चाकावरच्या घरातलं घाण पाणी कुठं जाते?' नाव पण ठरलं होतं. सगळे गाड्या दाखवतात, हे कोनी दाखवत नाई, म्हून मले लय उत्साह. काढलाही. अजूनही हाय तो. खाली लोकायनं लिहून ठेवलं, ताई तुमच्यासारखे जबाबदार लोक पाह्यजे.

येते. मुद्द्यावर येते. पण पहिले झिरा सांगू द्या, त्याच्याशिवाय समजणार नाई.

उन्हाळ्यात नाला आटते, वरून सगळी रेती. पण रेतीत हातभर, दोन हात खोदलं की खड्ड्यात पाणी झिरपते. थंड, साफ. त्याले झिरा म्हणतात. रेतीतून गाळून येते म्हून विहिरीपेक्षा त्याच पाण्यावर लोकायचा भरवसा जास्त. अन् झिऱ्याच्या काठावर नारळाची करवंटी ठेवलेली असते, पाणी काढाले. मी ज्या गावाचं सांगून राह्यली — रोहण्याच्या अलीकडं हाय, नाव नाई लिहत — तिथं अशी रीत हाय की झिरा खोदणारा अन् करवंटी ठेवणारा एकच नसावा. खोदला एकानं तर करवंटी दुसऱ्याच्या घरची. म्हणजे मग पाणी कोना एकाचं राह्यत नाई. करवंटी दिसली म्हणजे समजायचं, दोन घरायचं पाणी हाय, तुमीही प्या.

मागच्या एप्रिलमध्ये पुण्याचं एक कुटुंब आलतं. नवरा-बायको, दोन लेकरं. लहान पोराचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलं होतं. हे मले माहीत होतं. लिहून ठेवते, माहीत होतं. त्याच्यामुळंच टाकी लवकर भरली. दुपारी नाल्याच्या रपट्याजवळ, म्हणजे ठेंगण्या पुलाजवळ, कडुनिंबाखाली गाडी उभी होती अन् लाल दिवा लागला. दादा पाहुण्यायले घेऊन टेकडीवरच्या मंदिरात गेलता. तासभर तरी लागणार होता. मी एकटीच.

देवळी तिथून मागं, दूर. घरी पोचाले संध्याकाळ. तवरोक पाहुण्यायनं काय करायचं? हे मी दादाले विचारू शकत होती. तो म्हटला असता, चला, देवळीले जाऊ. दिवस गेला असता, पण तो तेच म्हटला असता. म्हून तर विचारलं नाई. अन् खरं सांगू? दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढायचा होता. भरलेली टाकी कॅमेऱ्यासमोर कोन ओतन? कोन पाह्यन ते? मले टाकी साफ पाह्यजे होती. गाडीतल्या चौघांपायी नाई, त्या व्हिडिओपायी.

मी टाकी ओढत नाल्यात उतरवली. खालच्या अंगाले गोटे होते. वरच्या अंगाले रेती मऊ होती. बस, एवढंच कारण. हातानं अन् एका ताटलीनं खड्डा केला, टाकी उलटी केली. निळं-काळं पाणी गेलं, बघता बघता गेलं, रेतीनं गिळून टाकलं. मग टाकी धुतली, ते पाणीही त्याच खड्ड्यात. वरून रेती लोटली, पायानं सारखी केली. कावळा एक होता पळसावर, तो ओरडला पण नाई. नुसता पाहू राह्यला.

आता विचारा मले, झिरा पाह्यला होता का?

पाह्यला होता.

खड्डा करायच्या आधी. चार पावलं खाली. मी मोजले ते नंतर, पण चारच होते. आत आभाळ दिसत होतं एवढं साफ पाणी. अन् काठावर करवंटी. ओली होती. म्हणजे कोनी थोड्याच वेळापूर्वी पेऊन गेलं होतं. मी स्वतःले काय सांगतलं माहीत हाय? रेती पाणी गाळते. आजी म्हणायची ते. रेती पाणी गाळते, मग हेही गाळन. चार पावलायत गाळून होईन. मी पदवी घेतलेली पोट्टी हाय अन् मी हे स्वतःले सांगतलं अन् मले ते पटलं.

गाडीत येऊन हात धुऊन राह्यली होती तवा मागून आवाज आला, "काऊन वो बाई, गाडी बंद पडली का?"

इंदूमावशी. बाजूच्याच वावरात वांगे, मेथी, सांबार — तुमची कोथिंबीर — लावायची अन् आठवडी बाजारात विकायची. दादा नेहमी तिच्याच जवळून भाजी घ्यायचा. कमरेवर पाण्याचा गुंड, अन् पदर धरून तिची नात पिहू, पाच वर्षाची.

"नाई मावशी, पाहुणे मंदिरात गेले."

"ह्या उन्हात? अवं माय, देवही आडवा झाला असन आता." मग माह्याकडं पाह्यलं. "तोंड पाह्य कसं झालं तुह्यं. चाल, पाणी पे."

"बाटली हाय मावशी."

"बाटली हाय म्हणते," पिहूले म्हणे. "शहरातलं पोट हाय ना, झिऱ्याचं पचत नाई त्यायले."

दोघी हसल्या. खाली उतरल्या. मी रपट्यावर उभी राहून पाहू राह्यली. मले वाटत होतं पाणी निळं होईन. मी वाट पाहू राह्यली, निळं होऊ दे, म्हणजे मावशीच म्हणन हे काय झालं, अन् मले काही बोलावं लागणार नाई. नाई झालं निळं. साफच्या साफ. पिहूनं करवंटी भरली, पेली, परत भरली, परत पेली. मावशीनं गुंड भरला. माह्या तोंडात शब्द होता, मावशी. फक्त मावशी म्हणायचं होतं, पुढचं आपोआप निघालं असतं. नाई म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी व्हिडिओ काढला. टाकीत नळाचं साफ पाणी, वरून निळं औषध. सेप्टिकचं झाकण उघडलं, ओतलं, कॅमेऱ्याकडं पाहून म्हटलं, पाहा, एक थेंब बाहेर नाई.

महिनाभरानं दादासोबत त्या रस्त्यानं गेली. झिरा बुजवलेला. वर गोटे, गोट्यावर बोरीच्या काट्या. दादानं मेथीसाठी गाडी थांबवली तं मावशीच्या वावरात कोनी नाई. मले तवाच समजलं. मी गाडीतून उतरलीच नाई.

दादा गावात विचारून आला: पिहू नऊ दिवस वर्ध्याले दवाखान्यात होती. जुलाब, मग ताप, उतरेच ना. डॉक्टर म्हणे पाण्यातून झालं. वाचली. पण गावातून जाताना मी गाडीतूनच पाह्यलं तवा ती भिंत धरून चालत होती, अन् तिचे केस एवढे गेलते की टाळू दिसे. दुसऱ्या कशानंही झालं असन — हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलं की आता त्याचा चोथा झाला. ठेवते ते बाजूले.

पण गावानं माणूस शोधला होता. देवराव काका. त्याचं वावर मावशीच्या वर, नाल्याच्याच काठी. झिरा दरवर्षी तोच खोदायचा, करवंटी मावशीची. दोन वर्षं आधी त्याले एकदा कोनीतरी नाल्यात फवारणीचा पंप धुताना पाह्यलं होतं. झालं. आताही त्यानंच धुतला असन. तो कायची शपथ घ्यायचा बाकी राह्यला नाई, गाईची घेतली, लेकीची घेतली. मावशीनं त्याच्या घरचं हळदीकुंकू बंद केलं. त्याच्या वावरात तण निंदाले बाया यायच्या नाई. बाजारात लोक त्याच्या टोपल्यापुढून बाजूच्या टोपल्याकडं जायचे.

मेथीसाठी थांबलो त्याच दिवशी तो आमच्या गाडीजवळ आला. दादा टायर पाहू राह्यला होता. काका खिडकीतून मले म्हणे, "पोरी, तू शिकेल हायेस. मोबाईलवर पाह्य ना जरा. फवारणीच्या औषधानं असा आठ-आठ दिवस ताप येते का? मले वाटते नाई येत. तू पाहून सांग, मी इंदूबाईले वाचून दाखवतो."

मी मोबाईल काढला. बोट फिरवलं. म्हटलं, "रेंज नाई काका."

रेंज होती. पूर्ण होती.

"राहू दे मंग," म्हणे. "तुह्या हातात काय हाय."

ह्या एप्रिलमध्ये परत गेलो. दोन पाहुणे होते, झोपलेले. नाल्यात, जुन्या झिऱ्यापासून बराच वर, देवराव काकानं नवा झिरा खोदला. काठावर करवंटी — त्याच्याच घरची. दोन्ही एकाच माणसाचं. रीत मोडून. दुसऱ्या कोनी ठेवलीच नाई त्याले. करवंटी अशी सुकून पांढरी पडलेली. दादाले कोनीतरी सांगतलं, काका रोज बाजाराच्या वेळी, रपट्यावरून लोक जातात तवा, सगळ्यायसमोर बसून ते पाणी पेतो. रोज. कोनी थांबत नाई.

आमी थांबलो. दादा गाडीचं बॉनेट उघडून बसला. काका खालून हात हालवू राह्यला. मी उतरली. कोन जाणे काऊन, पाय गेले.

"पेतं का?" त्यानं विचारलं, अन् विचारतानाच त्याचं तोंड असं झालं, जसं उत्तर त्याले माहीतच होतं.

मी करवंटी घेतली. पाणी थंड होतं, गोड होतं. संपूर्ण पेली.

त्यानं करवंटी माह्या हातातून घेतली. मंग डोळ्याले गमछा लावला अन् म्हणे, "वर्षात तू पहिली, पोरी. तुले तरी माह्यावर विश्वास हाय."

त्यानं करवंटी रेतीनं घासली, धुतली, परत भरून माह्यापुढं धरली.

मी तीही पेली.